विनाइलच्या बाहुलीची घरच्या घरी डागडुजी

जुनी बाहुली माळ्यावरून खाली आली की घरातलं कोणीतरी तिला लगेच साबणाच्या पाण्यात बुडवायला निघतं. निम्मं नुकसान तिथेच होतं. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांच्या बाहुलीच्या डोक्यात पाणी शिरलं, तर आतलं लोखंडी वजन गंजतं आणि काही आठवड्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तांबूस ओघळ येऊ लागतो. उरलेलं नुकसान फेविक्विक आणि नेलपॉलिश रिमूव्हर करतात. म्हणून आधी हातात काय आहे ते पाहू.

एका बाहुलीत दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक असतं. बार्बीच्या मापाच्या साडेअकरा इंची बाहुलीचं डोकं मऊ विनाइलचं, म्हणजे पीव्हीसीचं असतं. धड बहुधा कडक एबीएसचं. वाकणारे पाय मऊ पीव्हीसीचे आणि आत सांध्याची पट्टी. मोठ्या बाळबाहुलीचं डोकं आणि हातपाय विनाइलचे, धड कापडाचं किंवा कडक प्लास्टिकचं. ओळखायला नख पुरतं: मानेच्या मागे केसांखाली नख दाबलं आणि खळी पडून भरून आली, तर विनाइल. टक् असा आवाज झाला, तर कडक प्लास्टिक.

पीव्हीसी मुळात कडक असतो. नळाचा पांढरा पाइप आठवा. बाहुलीचा गाल मऊ लागतो कारण त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. हे तेल प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं. बाहुली चिकट होते ती याच तेलामुळे. शाई खोल उतरते, डिंक सुटतो, स्प्रे मारलेला रंग महिनोन्महिने सुकत नाही, तेही याच तेलामुळे. पुढची बहुतेक कृती या तेलाला सांभाळून घेण्याचीच आहे.

वयाबद्दल एक सूचना. पाठीवर १९६६ असा आकडा दिसला म्हणून हरखून जाऊ नका. ते त्या धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं वर्ष आहे. पुढची कित्येक दशकं बनलेल्या बार्बींच्या पाठीवर तोच छापलेला सापडतो. बार्बी मुळात मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा आली. आपल्याकडच्या जुन्या कपाटांत सापडते ती बरेचदा लिओ मॅटेल या कंपनीच्या काळातली, भारतात बनलेली. साडी नेसलेली असेल तर ब्लाउज आणि साडी फेकू नका. नंतर तसं काही जुळवता येत नाही.

कधी करायचं आणि काय लागतं

ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. हवा ओलसर असते, अ‍ॅक्रिलिक रंग वाळत नाही, धुतलेल्या सांध्यातलं पाणी आठवडाभर आतच राहतं, आणि डाग काढायला लागणारं ऊन तर नसतंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे चालतो, पण ग्रिलमध्ये दुपारी बाहुली ठेवून विसरू नका. लोखंडी ग्रिलला टेकलेला पाय वाकडा होतो.

सामान फार नाही. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल (२.५ किंवा ५ टक्क्यांचं, मुरुमांवर देतात तेच), कापसाच्या कांड्या, हातमोजे. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून बी-७००० डिंक. ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीच्या सेक्टर १७ सारख्या बाजारपेठेत ही दुकानं भरपूर आहेत, आणि काच चिकटवायला ते हाच डिंक वापरतात. हार्डवेअरमधून ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, अ‍ॅरल्डाइट, एम-सील, १ मिलिमीटरचं ड्रिल. गोखले रोडवर किंवा जांभळी नाक्याला स्टेशनरीच्या दुकानात अ‍ॅक्रिलिक रंगाच्या १५ मिलिलिटरच्या बाटल्या आणि शून्य नंबरचे ब्रश मिळतात. शिवणाच्या सामानाच्या दुकानातून ३ मिलिमीटरचं गोल इलॅस्टिक. जुना लांब नायलॉन मोजा घरात असेलच, तो टाकू नका.

जुन्या पीव्हीसीत आणि रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. घासकाम नेहमी ओल्या पेपरने करा, तोंडाला मास्क लावा, आणि दुरुस्त केलेली जुनी बाहुली तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलाच्या हातात देऊ नका.

धुणं

कोमट पाणी एक वाटी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. बाहुली बुडवायची नाही. ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा आणि भागाभागाने घासायचं, लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. ओठ, भुवया, गालांची लाली यांवर ब्रश नाही, नुसतं बोटाने. पांढरा मेलामाइन स्पंज, ज्याला 'मॅजिक' म्हणून विकतात, तो अगदी बारीक पॉलिश पेपरच असतो. पायाच्या तळव्यावर ठीक, चेहऱ्यावर फिरवला तर रंग जातो आणि त्वचेची मूळ झाक मेणचट-पांढरी होते.

कोणतंही द्रव्य पहिल्यांदा वापरताना मानेच्या मागे केसांखाली चण्याएवढ्या जागेवर लावून दहा मिनिटं थांबा. कापूस गुलाबी झाला तर रंग सुटतोय, ते द्रव्य बाजूला ठेवा.

पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या बाहुलीवर काळे ठिपके आणि कुबट वास असतो. वरची बुरशी साबणाने आणि मग अल्कोहोलच्या कापसाने जाते. पण बुरशीने सोडलेला गुलाबी किंवा काळसर रंग विनाइलमधल्या तेलात मुरला असेल, तर तो फिका होईल इतकंच. ब्लीचिंगचं पाणी किंवा संडास साफ करायचं लिक्विड लावू नका. विनाइल पिवळं पडतं आणि आतला धातू गंजतो.

बॉलपेनचे डाग

कोणीतरी कधीतरी गालावर मिशा काढलेल्याच असतात. बॉलपेनची शाई तेलकट असते आणि विनाइलमध्येही तेल, त्यामुळे ती वर न राहता आत उतरते. म्हणून अल्कोहोलने पुसलं की वरचा थर जातो, निळसर सावली राहते, आणि जास्त चोळलं तर तीच सावली मोठी होते. अल्कोहोलचा कापूस एकदाच, बाहेरून डागाच्या आतल्या बाजूला, आणि बस्स.

पुढचं काम बेन्झॉइल पेरॉक्साइडचं. ते रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण करून त्याचा रंग घालवतं आणि ऊब-उजेडात वेगाने चालतं. हातमोजे घाला. दातकोरणीने जेल फक्त रेघेवर लावा, साधारण दोन मिलिमीटर जाड, रेघेच्या बाहेर केसभरही नाही. वर क्लिंग फिल्मचा तुकडा, म्हणजे जेल सुकणार नाही. सुकलं की काम थांबतं. आजूबाजूला रंगवलेला ओठ किंवा भुवई असेल तर तिच्यावर आधी व्हॅसलिनचा पातळ थर द्या. बाकीची बाहुली पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फक्त डाग उघडा ठेवा, कारण उन्हाने विनाइल पिवळं पडतं आणि आपल्याला ऊन डागापुरतंच हवं आहे. सकाळी नऊ ते दुपारी एक असं चार तास गॅलरीत. मग पुसा, धुवा, पाहा.

पहिल्या दिवशी फारसा फरक दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळा जांभळट होतो, मग राखाडी. ५ टक्क्यांच्या जेलला तीन ते सात दिवस लागतात. सात दिवसांनी जे उरलं ते राहू द्या, नाहीतर डाग जाईल आणि त्या जागी त्वचेवर पांढरट रेघ उमटेल. ती काढायला मात्र काहीच नाही. जेल टॉवेलला, टी-शर्टला लागलं तर त्यांचाही रंग उडतो, हे आईला आधी सांगून ठेवलेलं बरं.

गडद कपड्याचा रंग अंगाला लागला असेल, विशेषतः लाल किंवा काळा, तर उपाय हाच, वेळ जास्त. कानातल्या टाचणीमुळे कानाभोवती आलेला हिरवट डाग वेगळा: तो पितळेतल्या तांब्याचा. टाचणी आधी काढा, लिंबाच्या रसाच्या कापसाने वरचा हिरवा भाग पुसून घ्या, धुवा, मग जेल. तांबं खोल गेलं असेल तर काही महिन्यांनी हिरवा पुन्हा डोकावतो. टाचणी परत घालायची असेल तर तिच्या दांडीवर पातळ वार्निश लावून पूर्ण वाळवून मगच घाला.

चिकटपणा

पाय हाताला चिकटतात, धूळ बसली की काळे पट्टे पडतात. हे बाहेर आलेलं प्लॅस्टिसायझर. साबणाने धुवा, वाळवा, अल्कोहोलच्या कापसाने एकदाच हलका हात फिरवा, आणि बिनवासाची टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर ब्रशने लावून जादाची झटकून टाका. पावसाळ्यात कॉर्नफ्लोअरवर बुरशी धरते, तेव्हा आपल्या हवेत टाल्कमच बरी. सहा महिने ते वर्षभरात चिकटपणा परत येणार आणि तुम्ही परत पुसणार. कायमचा इलाज नाही, आणि कोणी 'एकदाच कोट मारा' असं सांगत असेल तर ऐकू नका: स्प्रे वार्निशचा थर त्या तेलाने मऊ पडतो आणि बाहुली आधीपेक्षा चिकट होते, शिवाय तो थर काढताना रंगही जातो. अल्कोहोलचा हात पुन्हा पुन्हा फिरवायचा मोहही आवरा. ते बाहेरच्या तेलाबरोबर आतलंही ओढतं आणि काही वर्षांनी पाय ताठर होऊन गुडघ्यामागे चिरतो.

मान

सगळ्यात जास्त बाहुल्या मानेत जातात. डोकं ओढून काढताना विनाइलची मान फाटते, किंवा धडावरचा मानेचा गोळा मोडतो. दोन्ही टाळता येतात, कारण डोकं थंड असताना ओढूच नये.

दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं पाणी मिसळलं की साधारण ७० ते ७५ अंश मिळतात. बाहुलीचे केस वर करून कापडाने बांधा, चेहऱ्याच्या खालचा भाग आणि मान मिनिट-दीड मिनिट या पाण्यात धरा. पापण्या चिकटवलेल्या असतील किंवा डोळे उघडझाप करणारे असतील तर पाणी नको. हेअर ड्रायर पंधरा सेंटिमीटरवरून, सतत हलता, साठ ते नव्वद सेकंद. मान जेलीसारखी मऊ लागली की दोन बोटांनी दाबून भोक लांबट करा, डोकं पुढे झुकवा, मागची कड आधी गोळ्यावरून सोडवा, मग पुढची. पिळायचं नाही. पिळलं की धडावरचा गोळा तुटतो.

मानेची चीर बहुधा भोकाच्या कडेपासून मागे वर जाते, पाच-दहा मिलिमीटर. पहिलं काम ती पुढे वाढू न देण्याचं. चिरेच्या टोकाला १ मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच फिरवून एक गोल भोक पाडा. टोकाशी एकवटलेला ताण गोल भोकात पसरतो. तापवलेल्या सुईने हे करू नका. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे झोंबतात.

मग आतली बाजू. मानेची कड उलटी करा, चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर पट्टा ४०० नंबरच्या पेपरने खरवडा. अल्कोहोलच्या कापसाने पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत, साधारण तीनदा. दहा मिनिटं थांबा. तेल पुसलं नाही तर कोणताच डिंक टिकत नाही. नायलॉनच्या मोज्यातून चिरेपेक्षा सगळीकडून आठ मिलिमीटर मोठा तुकडा कापा. बी-७००० चा पातळ थर विनाइलवर आणि मोज्याच्या तुकड्यावर, तीन ते पाच मिनिटं उघडा ठेवा. बोट लावलं की तार सुटते, तेव्हा चिरेच्या कडा जुळवून तुकडा बसवा आणि दाबा. मोज्याच्या जाळीतून डिंक वर आला पाहिजे. नाही आला तर वरून आणखी एक हात. मान सरळ करा, आत कापडाची गुंडाळी कोंबा म्हणजे आकार राहील, आणि २४ तास हात लावू नका. डोकं बसवायला ४८ तास, हवा ओलसर असेल तर ७२.

बसवताना परत गरम करावं लागेल आणि हा डिंक उष्णतेने सैल पडतो. म्हणून ड्रायर फक्त पुढच्या बाजूला, हनुवटीखाली. गोळ्यावर चिमूटभर टाल्कम लावा. पुढची कड आधी गोळ्यावर घ्या, ठिगळाची मागची कड शेवटी, बोटाने खाली ढकलत.

फेविक्विकने हे सगळं पाच सेकंदात होतं, मान्य. पण ते काचेसारखं कडक होतं, आणि मान वाकणारी आहे. चीर मग डिंकाच्या कडेने नव्याने फाटते, आता दोन ठिकाणी. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला पांढरी पावडर सोडते, आपल्या दमट हवेत जास्तच, आणि गालावर बसलेली ती पांढरट झाक काढायला अ‍ॅसिटोन लागतं, जे गालाची लालीही नेतं. नळाच्या पाइपचं सोल्युशनही नको. ते विनाइल विरघळवून जोडतं खरं, पण कड आकसते आणि ताठर होते. मोजडी-चपलेचा पिवळा रबरी डिंक काही महिन्यांत तेलाने मऊ पडून सुटतो.

धडावरचा गोळा मोडला असेल तर गोष्ट सोपी, कारण तो भाग कडक प्लास्टिकचा. मोडलेल्या दोन्ही तोंडांना १ मिलिमीटरचं भोक, धडात सहा ते आठ मिलिमीटर खोल, गोळ्यात तीन-चार. पेपरक्लिपची सरळ केलेली तार साधारण तेवढीच जाड असते. तिचा तुकडा पॉलिश पेपरने खरवडून दोन्हीकडे बसतो का पाहा. अ‍ॅरल्डाइटचे दोन्ही भाग सारख्या प्रमाणात मिसळा, तार आणि तोंडं माखा, जुळवा, बाहेर आलेला अ‍ॅरल्डाइट लगेच अल्कोहोलच्या कांडीने पुसा. रात्रभर उभं ठेवा, २४ तासांनी ताण द्या. गोळा हरवलाच असेल तर तीच तार वर सोडून तिच्याभोवती एम-सीलचा गोळा वळा. डोक्यातल्या भोकापेक्षा किंचित मोठा ठेवा आणि वाळल्यावर ६०० च्या पेपरने मापाला आणा. उलटं, म्हणजे आधीच लहान झाला, तर डोकं डगडगतं आणि थर चढवत बसावं लागतं.

हात-पाय इलॅस्टिकवर ओवलेल्या मोठ्या बाहुलीत इलॅस्टिक पिवळं होऊन तुटतं. जुन्या तुकड्यापेक्षा नवा थोडा आखूड घ्या, हुकांना गाठ मारून ओढा. हात उचलून सोडला की जिथे ठेवला तिथेच राहिला पाहिजे. झटकन परत आला तर इलॅस्टिक फार घट्ट, आणि त्या ताणाने सांध्याचं भोक काही वर्षांत फाटतं.

पोचा, चावे

डोक्याला पोचा आला असेल तर ड्रायरने गरम करा, मानेच्या भोकातून आत कापूस ठासून गोल करा, थंड पाण्याच्या फडक्याने गार करा आणि कापूस एक रात्र आत राहू द्या. विनाइल साच्यातला आकार बरेचदा आपणच आठवतं.

कुत्र्याने चावलेल्या बोटांवर एम-सील लावू नका. मऊ बोटावर कडक लेप टिकत नाही, पहिल्याच वाकण्यात टवका उडतो. धारदार ब्लेडने लोंबते तुकडे छाटा, ओल्या ६०० आणि मग १००० च्या पेपरने गोल करा. बोट गेलं ते गेलं. त्याच साच्याची डोकं फुटलेली दुसरी बाहुली मिळाली तर हात बदलणं हाच खरा उपाय.

केस

केसांचे दोन-चार तंतू कापून पाण्याच्या वाटीत टाका, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब घाला आणि चमच्याने खाली दाबा. वर तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. तळाला गेले तर नायलॉन, किंवा सरान आणि कॅनेकलॉन हे कृत्रिम केसांचे दुसरे दोन प्रकार. तरंगणाऱ्या केसांच्या जटा काढता येतात, पण कापसासारखा फुललेला पोत परत गुळगुळीत होत नाही. त्यांच्यावर दिवस घालवू नका.

बुडणाऱ्या केसांना जास्त आशा आहे. आधी कंडिशनर, भरपूर, अर्धा तास. मग दातांमध्ये अंतर असलेल्या लोखंडी फणीने टोकाकडून वर, एकेक इंच. मुळाशी दुसऱ्या हाताच्या चिमटीने धरा, नाहीतर पुंजका भोकासकट निघतो. गुंता सुटल्यावर डोकं उलटं धरून फक्त केस गरम पाण्यात: नायलॉन आणि सरानला उकळी बंद केल्यावरचं पाणी चालतं, कॅनेकलॉनला ६० अंशांच्या वर नेऊ नका, कुरळं होऊन आकसतं. दहा सेकंद बुडवा, विंचरा, तीनदा. लगेच थंड पाण्यात, आणि मग पंख्याखाली दोन दिवस. ड्रायरने वाळवू नका. कुरळे करायचे असतील तर स्ट्रॉचे तुकडे करून त्यांवर केस गुंडाळा, टोक धाग्याने बांधा, बाकी कृती तीच.

२००० नंतरच्या काही बाहुल्यांच्या डोक्यात केस पक्के करायला डिंक ओतलेला असतो, तो वर्षांनी पाझरून केस तेलकट, चिकट करतो. शांपूने जात नाही. डोकं काढा, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये तीन-चार तास ठेवा, आणि डिंक कडक झाला की मानेतून चिमट्याने तुकडे काढा. थोडा राहतोच, केसांना कॉर्नफ्लोअर चोळून, रात्रभर ठेवून, विंचरून, मग लिक्विडने धुवा. हे तीन-चार वेळा करावं लागतं.

टक्कल पडलेल्या जागी नवे केस भरता येतात. शिवणाच्या सुईचं नेढं वरून कापलं की दोन दात उरतात. सुई क्लच पेन्सिलमध्ये पकडा. पंधरा-वीस तंतूंचा पुंजका मध्यावर दुमडून त्या दातांत अडकवा, जुन्या भोकातच ढकला आणि सुई सरळ मागे घ्या. तिरकी काढली तर पुंजका बरोबर येतो. डोकं आधी ड्रायरने कोमट केलं तर भोकं फाटत नाहीत. सगळे भरून झाल्यावर मानेतून ब्रश घालून आतून फेविकॉलचे दोन हात. हा पांढरा डिंक पाण्याने सुटतो, पुढे कोणाला दुरुस्त करायचं झालं तर अडचण नाही. म्हणूनच डोकं पुन्हा धुताना मात्र आत पाणी जाऊ द्यायचं नाही.

चेहऱ्याचा रंग

मूळ रंग थोडाफार उरला असेल तर तो पुसू नका, गेला तेवढाच भाग भरा. जागा अल्कोहोलने पुसा. अ‍ॅक्रिलिक दुधासारखं पातळ करा आणि तीन पातळ हात, दोन हातांमध्ये वीस ते तीस मिनिटं. एकाच जाड हातात ओठ रंगवले तर कडेला धार दिसते आणि सोलतं. चुकलं तर मिनिटभरात ओल्या दातकोरणीने निघतं. ओठांच्या रंगात नेहमी थोडा त्वचेचा रंग मिसळा. बाटलीतला निव्वळ लाल बाहुलीला सिंधुदुर्गातल्या दशावतारातला नट करून टाकतो. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वार्निशचा एक हात, ब्रशनेच.

नेलपॉलिशने ओठ रंगवू नका. त्यातलं द्रावण विनाइल मऊ करतं आणि रंग आत मुरतो. रिमूव्हरने विनाइलच्या डोक्यावरचा रंग दोन घासांत जातो, तेवढ्यापुरता वापर ठीक. पण तोच कापूस कडक धडाला किंवा पारदर्शक डोळ्यांना लागला तर पृष्ठभाग विरघळून पांढरा पडतो. 'बिनअ‍ॅसिटोन' लिहिलेल्या बाटलीचंही हेच.

ठेवायचं कसं

थर्माकोलच्या पेटीत ठेवू नका: विनाइलमधलं तेल थर्माकोलला खातं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीतही नको. वर्तमानपत्राची शाई पायांना लागते. धुऊन स्टार्च काढलेली पांढरी मलमल गुंडाळा. लाल साडी परत नेसवायची असेल तर आत मलमलीचा पातळ थर द्या. दोन बाहुल्यांचे विनाइलचे भाग एकमेकांना टेकू देऊ नका.

पेटी बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. घोडबंदरला काय किंवा खाडीकडच्या नेरुळ-सीवूड्सला काय, पावसाचा मारा लागणारी भिंत जुलैत आतून ओलावते. पेटीत नारिंगी सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाका. हिरवी पडली की बदला. ऑगस्टच्या मध्यावर एकदा, आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदा पेटी उघडून पायांना हात लावून पाहा.

विकायचं मनात असेल तर जिथे जिथे ठिगळ, नवा रंग किंवा नवे केस आहेत ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून पेटीत ठेवा आणि घेणाऱ्याला दाखवा. संग्राहक मानेच्या आत बॅटरी मारून पाहतोच, आणि मोज्याची जाळी त्याला लगेच दिसते.